टेबलावरची चार मुलं

…आणि वर मलाच म्हणते, "आई, फळ्याला हात लावू नकोस, तो झोपलाय." म्हटलं, कोण झोपलाय? तर म्हणे फळा. आता तुम्हाला सांगते, मी चार यत्ता शिकलेली बाई, माझ्याकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही आणि मी ठेवूही देत नाही, पण फळा मी बघितलेला आहे. काळा असायचा, भिंतीला टेकून असायचा, शनिवारी आम्ही पोरी कोळसा नि पाला घासून त्याला आणखी काळा करायचो. दुपारच्या तासाला मास्तर झोपायचे, खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं. पोरं झोपायची. दाराशी कुत्रं झोपायचं. फळा मात्र टक्क जागा. फळ्यानं कधी झोपायचं असतं का? तुम्हीच सांगा.

पण इथं अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावात, फळा म्हणजे टीव्हीसारखी मोठी काच, नि तो झोपतो. पाच मिनिटं कुणी त्याच्याकडे बघितलं नाही की मिटले डोळे, आणि उठवायला जावं तर पासवर्ड मागतो. म्हणजे झोपलाय तो, आणि ओळख आपण पटवायची.

हे म्हणणारी कोण, तर आमची रेणू. दोन वर्षांची होती, कडेवर घेऊन आले मी तिला इथं. आमचे हे, गुरुनाथ, पुण्याला कारखान्यात साचे बनवायचे, गाड्यांच्या पार्टांचे. कंपनीनं त्यांना उचलून मिशिगनच्या बर्फात ठेवलं, त्यांच्या मागून आम्ही दोघी. आता रेणू तेवीसची आहे आणि प्राथमिक शाळेत बाई होणार आहे. होणार आहे, झालेली नाही. इथं नुसत्या परीक्षेनं भागत नाही. खऱ्या शाळेत, खऱ्या दुसरीच्या वर्गात जाऊन शिकवायचं, आणि युनिव्हर्सिटीच्या एक बाई मागच्या खुर्चीत बसून सगळं बघणार, लिहून घेणार, मग लायसन. गाडीसारखं.

डिसेंबरात त्या तपासणीच्या बाई पहिल्यांदा आल्या. रेणूनं फळ्यावर काय काय सजवलं होतं, ढग हलणार, थेंब पडणार, बेडूक उडी मारणार… आणि ही एका पोराच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकली नि बोलत बसली, तेवढ्यात फळा झोपला. उठवायला गेली तर पासवर्ड चुकला. परत चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर त्यानं आतून कडी लावून घेतली, दहा मिनिटं. आणि आमची पोर उभी. बावीस मुलं बघतायत, बाई बघतायत, आणि ही त्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत उभी. बाईंनी लिहिलं, फळा बंद पडला की ही शिक्षिकाही बंद पडते. एवढंच. फेब्रुवारीत आणखी एक संधी दिली. ती गेली की लायसन गेलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

त्या दिवशी घरी आली ती गॅरेजात गाडीतच बसून राहिली. मी गेले, शेजारच्या सीटवर बसले. म्हणाली, "आई, आय कान्ट डू धिस." म्हटलं, त्या बाईंचा नंबर दे, मी बोलते. "आई, नो." म्हटलं, मग आत चल, प्रॅक्टिस करू. "कुणावर करू?" म्हणाली. "माय स्टुडंट्स आर सेव्हन इयर्स ओल्ड." म्हटलं, मी नऊ वर्षांची असताना शाळा सोडली, दोन वर्षांचा काय तो फरक.

तेव्हापासून तुम्हाला सांगते, माझ्या स्वयंपाकघराचं जे झालं ते कुणाचं होऊ नये. टीव्हीचा झाला फळा. जेवायच्या टेबलाचा झाला वर्ग. तिच्या वर्गात प्रत्येक पोराच्या हातात एक काच असते, तिच्यावर ते लिहितं नि ते उमटतं फळ्यावर. तर आमच्या टेबलावर चार काचा. रेणूचा जुना फोन, ह्यांचा जुना फोन, माझा चालू फोन, आणि एक कोपऱ्यात तडा गेलेला टॅबलेट. चार काचा म्हणजे चार मुलं, आणि चारही मुलं मी. रेणू म्हणाली, "आई, फोर नेम्स सांग. खऱ्या मुलांची नावं चालत नाहीत. एनी फोर."

आता मला काय माहीत माझ्या तोंडातून काय येणार ते. म्हटलं, मालिनी. देवदत्त. लता. आणि मग जरा थांबून म्हटलं, नंदा.

चाळीस वर्षांत ती नावं मी कुणापुढं उच्चारली नव्हती हो. माझ्या बाकावर बसणारी माणसं ती, आणि नंदा म्हणजे शाळेतली मीच. बाक कुठला, गोणपाट. आणि रेणूनं टकटक टाइप केलं, तर टीव्हीवर एकाखाली एक उमटली, रंगीत गोलात, प्रत्येकाला एक एक फुगा. कऱ्हाडच्या अलीकडच्या आमच्या एवढ्याशा गावातली चार पोरं, मिशिगनमध्ये, पंचावन्न इंची.

मग काय. मालिनी हुशार, तिला रेणूचा जुना पण चांगला फोन दिला. मालिनी कशी, प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर. त्या काचेवर हात वर करायचं बटण असतं, ते मी दाबून दाबून झिजवलं. देवदत्त सगळं चुकवणार, कारण रेणूला एक चुकणारं पोर हवंच होतं समजावून सांगायला, आणि खरा देवदत्तही पाटलाचा असून सगळं चुकवायचा, त्यामुळे मला काही अवघड गेलं नाही. लता माझ्या चालू फोनवर, तिला सारखं बाहेर जायचं. खरी लता पाणी प्यायच्या नावानं जायची नि विहिरीवरच्या खंड्या पक्ष्याकडे बघत तास संपेपर्यंत उभी राहायची. बाहेर जायचंही बटण आहे त्यात, आता बोला. आणि नंदा. नंदा तडा गेलेल्या टॅबलेटवर, कोपऱ्यात, आपली चित्रं काढत बसलेली.

"मालिनी, हँड डाउन प्लीज," रेणू म्हणायची. "लता, तू आत्ताच जाऊन आलीस." मी म्हणायची, बाई, माझी पोळी करपतेय. "किड्स डोन्ट हॅव पोळी, आई." म्हटलं, माझ्या वर्गात आहे.

आणि एक केलं मी. तिला न सांगता. मध्येच रिमोटनं टीव्ही बंद करायची. पहिल्या दिवशी केला तर उभी राहिली तशीच, डिसेंबरातल्यासारखी. म्हटलं, बोल की. "आई, द बोर्ड इज स्लीपिंग." म्हटलं, झोपू दे त्याला, तू जागी आहेस ना? आमच्या मास्तरांकडे काय होतं, एक खडू आणि एक तोंड, आणि निम्म्या दिवशी खडूही नसायचा. चिडली. रिमोट लपवला. मी टीव्हीची वायर काढली. फ्यूज काढायचंही मनात होतं, ह्यांनी नुसतं मान वर करून बघितलं म्हणून राहिले. पण पंधराव्या वेळेला, तुम्हाला सांगते, टीव्ही काळा झाला आणि ती बोलतच राहिली. हातानं हवेत ढग काढला. पुढं निघाली.

पण ह्यात माझं काय झालं ते ऐका. रविवारची दुपार, बाहेर बर्फ पडतोय, त्याला आवाज नाही, अंगण कुठं संपतं नि रस्ता कुठं सुरू होतो कळत नाही, कुकर गार होतोय, टेबलावर चार उजेड, आणि पुढं रेणूचा आवाज, शिकवताना तिचा आवाज वेगळाच होतो, मऊ, लांबचा… आणि मी हळूहळू तिथं नसायचीच. डाव्या हाताला मालिनीच्या परकराला येणारा राखेचा वास. देवदत्त पाटीवर थुंकून पुसतोय. दारातून ऊन आत आलंय, ते सरकत सरकत मास्तरांच्या चपलेपर्यंत गेलं की शाळा सुटणार. ते सरकू नये असं वाटणारी सगळ्या वर्गात मी एकटी. "आई? आई, यू आर नॉट लिसनिंग." म्हटलं, ऐकतेय, बाई. बाई म्हटलं मी माझ्या पोरीला.

तर तपासणीचा धडा होता नकाशाचा. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा, वरून बघितल्यासारखा. मुलं काचेवर काढणार, फळ्यावर उमटणार. मंगळवारचा दिवस. मी इथं इंडियन दुकानात पोळ्या लाटते, मंगळवारी सुट्टी असते मला. रेणू सातला गेली, निळा स्वेटर, पोटात चहाचा घोट फक्त. परीक्षा अकराला असं माझ्या डोक्यात बसलेलं. ती होती दहाला. हे मला कुणी सांगितलं नाही असं नाही, सांगितलं होतं, मी मालिनी नव्हते त्या वेळी.

दहा वाजले नि टेबलावर टिंग. मग टिंग. टिंग. टिंग. चारही काचा जाग्या. तुमच्या बाईंनी वर्ग सुरू केला आहे.

मला काय वाटलं सांगू? वाटलं, मुलं खेळाच्या तासाला गेलीत, पोरगी रिकाम्या वर्गात एकटीच उभी आहे, तासभर वेळ आहे अजून, शेवटची प्रॅक्टिस करतेय, आणि समोर एक मूल नाही. कणकेचे हात धुतले आणि बसले. म्हटलं, कर बाई, आम्ही आहोत.

आणि ही बया तिकडं काय करून बसली होती? प्रॅक्टिसला वेगळा वर्ग काढायचा सोडून, खऱ्या वर्गाच्या यादीतच आमची चौघांची नावं घातलेली. काढायची विसरली. हे करायला कॉलेजात चार वर्षं जावं लागतं.

म्हणजे तिकडं खरा फळा, खरी बावीस मुलं, मागच्या खुर्चीत तपासणीच्या बाई, आणि रेणूनं पहिला प्रश्न विचारला तो अजून तोंडात आहे तर फळ्यावर उमटलं, मालिनीनं हात वर केला. मालिनीनं हात वर केला. मालिनीनं हात वर केला. पोरं इकडंतिकडं बघायला लागली, मालिनी कोण? पुढचा प्रश्न, नकाशा म्हणजे काय, चार उत्तरांतलं एक निवडा. बावीस पोरांनी बरोबर निवडलं. देवदत्तानं निवडलं, एक प्रकारचं सँडविच. वर्ग खो खो हसला. सगळ्यांना देवदत्त आवडला. आणि मध्ये मध्ये, लता बाथरूमला गेली आहे. लता बाथरूमला गेली आहे. सहाव्यांदा उमटलं तेव्हा एक पोर काळजीनं म्हणालं, "इज लता ओके?"

तपासणीच्या बाईंनी चष्मा वर केला.

रेणू धावली लॅपटॉपकडे, आम्हाला काढून टाकायला, आणि घाईत काय दाबलं देव जाणे, फळा झोपला. काळा. बाईंचं पेन कागदावर टेकलं. बावीस तोंडं वर. झालं, परत डिसेंबर. फळ्यानं कधी झोपायचं असतं का? तुम्हीच सांगा, आणि तेही अशा वेळी?

पण फळा झोपला, रेणू नाही झोपली. ती सांगते, आई, मला वाटलं तूच वायर काढलीस. आणि ती बोलत राहिली. कपाटावर वर्तमानपत्राचा मोठा कागद होता, तो जमिनीवर पसरला, सगळ्यांना भोवती बसवलं, म्हणाली, समजा आपण पक्षी आहोत, खाली काय दिसतं? पोरं हात पसरून पक्षी झाली. पंख लागले एकमेकांना. आणि तेवढ्यात फळा आपणहून उठला, कुणी पासवर्ड न देता, आणि त्याच्यावर एकच चित्र होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नंदाचं.

कारण मी इकडं काढत बसले होते ना. प्रश्न संपले, म्हटलं बाई थांबल्यात तर आपण रस्ता काढावा. बोटानंच. आमचं घर, त्याच्यामागं उकिरडा, मग उसाची कड, मग गुऱ्हाळ, त्याचा धूर, तिथं उभं राहिलं की काकवीचा वास केसात जातो तो कसा काढायचा म्हणून नुसत्या वळणावळणाच्या रेघा… मग ओढ्यावरचे दगड, सात होते, चौथा डुगडुगायचा. मग शाळा. शाळेपुढं झाड.

काचेवर अक्षरं आली. इंग्रजी मला वाचता येतं ते पिठाच्या पिशवीवरचं, पण कर्ण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की ती काच वाचून दाखवते. म्हणाली, गाडी कुठं आहे? म्हटलं, रेणूला काय सुचतंय आज; वर्गातली पोरं आपापल्या काचेवरून विचारतायत हे मला मागून कळलं. मी दोन पावलं काढली, अनवाणी. परत आलं, तिथं साप आहेत का? मी साप काढला. होता त्यापेक्षा मोठा काढला, कोण बघायला येणार आहे. रेणू म्हणते, सगळ्या वर्गानं पाय वर घेतले. मग आलं, झाडाखाली कोण आहे? मास्तर काढले, झोपलेले. ते बघून तपासणीच्या बाईही हसल्या म्हणे.

आणि मग आलं, नदीपलीकडे काय आहे?

मी बघितलं तर खरंच की, शाळेच्या पुढं मी नदी काढली होती, आणि नदीपलीकडे एक लांबट घर, वर झेंडा. मला कळलंही नव्हतं मी ते कधी काढलं. पलीकडची ती पाचवीची शाळा. आणि लगेच पुढचा प्रश्न, तिथं जायला रस्ता का नाही काढला?

आता काय सांगायचं मी? पूल नव्हता हे सांगायचं? आई बाळंतीण होती, धाकटी दोघं माझ्या कडेवर होती, हे सांगायचं? की पाटलांची होडी होती, ती देवदत्ताला न्यायची रोज, सगळं चुकवणाऱ्या देवदत्ताला, आणि मी काठावर भांडी घासता घासता ती जाताना बघायची, हे त्या काचेवर बोटानं काढायचं कसं? मी बोट टेकवून बसून राहिले. बाहेर बर्फ पडत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक, टॅबलेट झोपून गेला. मीही त्याच्याबरोबर कुठंतरी होते… पाणी थंड होतं, घोट्याला मासे लागत होते.

उठवला तेव्हा नदीवर पूल होता.

लाल. जाड. वाकडा. मी काढलेला नव्हता. नंतर कळलं, समोरचे दोन दात पडलेली एक नीना नावाची पोर जागेवरून उठली, फळ्याशी गेली, रेणूनं सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, आणि बोटानं इकडून तिकडं एक रेघ ओढून परत जागेवर येऊन बसली. रस्ता नव्हता म्हणून काढला, म्हणाली.

मी त्या पुलावरून एकदा बोट फिरवलं. गेले. लगेच परत नाही आले मी, तुम्हाला खरं सांगते.

मग लतावर फोन आला. म्हणजे माझ्या फोनवर. रेणू, मुलांच्या जेवणाच्या सुट्टीत, आवाज दबलेला. "आई, टेल मी इट वॉज नॉट यू." म्हटलं, मी एकटी नव्हते, चौघं होतो. "ओ गॉड," म्हणाली. आणि मग म्हणाली, "आई, मी त्यांना सांगितलं." काय सांगितलंस? सांगितलं म्हणे खरं खरं त्या बाईंना, की ती चार मुलं माझी आई आहे. मी इकडं कपाळाला हात लावला. अगं, आधी विचारू तरी द्यायचं त्यांना. बाई म्हणाल्या म्हणे, "चारही?" ही म्हणाली, चारही.

पास केलं हो. लिहिलं त्यांनी, फळा बंद पडला, शिक्षिका बंद पडली नाही. खाली आणखी एक ओळ, घरी बसलेली ती चार नावं संध्याकाळच्या आत यादीतून काढावीत. नियम आहे. रेणूनं घरी येऊन माझ्यासमोर काढली. मालिनी गेली, देवदत्त गेला, लता गेली, तशी ती बाहेरच असायची. नंदावर रेणूचं बोट थांबलं. म्हटलं, काढ. नियम म्हणजे नियम. मीच पाठ फिरवून पोळ्या लाटायला लागले.

इथवर सगळं ठीक. पण ते यंत्र मूल काढून टाकताना त्याचं प्रगतिपुस्तक पालकांना पाठवतं, आणि पालक म्हणून रेणूनं चौघांपुढं ह्यांचा ईमेल टाकून ठेवला होता. जेवताना ह्यांच्या फोनवर चार पत्रं. आमचे हे सहसा बोलत नाहीत, सव्वीस वर्षांत जेवढं बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल, पण त्यांनी ताट बाजूला सारलं, चष्मा लावला आणि चारही वाचली. देवदत्ताकडे घरी लक्ष द्यावं. लताला डॉक्टरांना दाखवावं. नंदा चित्रं चांगली काढते, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहीत नाही, पालकांनी तिच्याशी बोलावं. मी म्हटलं, मग? बोला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रेणूकडे बघितलं. बराच विचार केला, घोटभर पाणी प्यायले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, या माणसाच्या तोंडून बाईमाणसाचं कौतुक ऐकलं मी.

म्हणाले, "मालिनी हुशार दिसते."